माणूस अडचणीला कसा भिडतो, हे इंग्रजीत नेमकेपणाने कसे सांगावे

मराठीत अडचणीविषयी बोलताना आपल्याला शब्द शोधावे लागत नाहीत. कोणी अडचणीला थेट भिडतो, कोणी तिच्यातून वाट काढतो, कोणी चालढकल करतो, कोणी वेळ मारून नेतो, कोणी प्रश्न धसास लावतो, तर कोणी अखेर हात टेकतो. यांतले प्रत्येक क्रियापद घडलेल्या गोष्टीबरोबरच त्या माणसाविषयीही काही सांगून जाते. तोच बोलणारा इंग्रजीकडे वळला की बहुतेक वेळा 'सॉल्व्ह द प्रॉब्लेम' आणि 'फेस द प्रॉब्लेम' एवढ्या दोनच गोष्टी त्याच्या हाताशी उरतात. वाक्य व्याकरणाने बरोबर असते, पण त्यातला माणूस दिसेनासा होतो. इंग्रजीत हा सगळा शब्दसाठा आहे, आणि तो आपल्या ओळखीच्या छटांशी बराच जुळणाराही आहे. तो कसा निवडावा आणि वाक्यात कसा बसवावा, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

निवडीची सुरुवात इंग्रजीपासून करू नये, असे माझे ठाम मत आहे. आधी मराठीत स्वतःला विचारावे की त्या माणसाने अडचणीचे नेमके काय केले: तिच्याकडे पाहिले, तिला टाळले, तिचा छडा लावला, तिच्यासह दिवस काढले, की ती मिटवली? मग दुसरा प्रश्न विचारावा की अडचण शेवटी संपली की नाही. या दोन उत्तरांवरून योग्य क्रियापद बहुधा ठरतेच. शब्दयोगी अव्यय कोणते आणि कर्म कुठे ठेवायचे, हे त्यानंतर पाहावे.

सुटली, की नुसती हाताळली?

सर्वांत महत्त्वाचा भेद हाच आहे. 'सॉल्व्ह' म्हणजे अडचण संपली. त्यात प्रयत्न आणि यश दोन्ही आले. 'टॅकल', 'अ‍ॅड्रेस' आणि 'डील विथ' ही क्रियापदे मात्र प्रयत्नाची आहेत, आणि निकालाविषयी ती स्वतःहून काही हमी देत नाहीत. 'द टीम टॅकल्ड द प्रॉब्लेम' या वाक्यावरून एवढेच कळते की लोक नेटाने कामाला लागले. प्रश्न सुटला का, हे वाचकाला अजून कळलेले नसते. 'अ‍ॅड्रेस' हा शब्द तर अहवालांत आणि औपचारिक पत्रांत फार दिसतो आणि त्याचा अर्थ 'दखल घेऊन त्यावर काही केले' इतकाच धरावा. 'द इश्यू हॅज बीन अ‍ॅड्रेस्ड' असे कोणी कळवले, तर तक्रार मिटली असे गृहीत धरू नये. मिटल्याचे सांगायचे असेल तर लिहिणारा 'रिझॉल्व्ह्ड' म्हणेल. उलट बाजूने, आपण स्वतः लिहिताना काम अर्धवट असेल तर 'वी हॅव सॉल्व्ह्ड इट' लिहू नये, 'वी आर डीलिंग विथ इट' लिहावे. तेच खरे असते.

'सॉल्व्ह', 'रिझॉल्व्ह' आणि 'सेटल' यांच्यातली वाटणीही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कोडे, गणित, गुन्ह्याचे रहस्य किंवा तांत्रिक अडचण 'सॉल्व्ह' होते. वाद, तक्रार आणि मतभेद 'रिझॉल्व्ह' होतात. दोन पक्षांत तडजोड होऊन भांडण किंवा दावा मिटला तर 'सेटल' म्हणतात. मराठीत 'प्रश्न' हा एकच शब्द विचारलेल्या प्रश्नासाठी आणि पुढ्यात उभ्या ठाकलेल्या अडचणीसाठीही चालतो, म्हणून 'सॉल्व्ह द क्वेश्चन' असे आपल्या तोंडून सहज निघते. इंग्रजीत मात्र 'क्वेश्चन'ला 'आन्सर' करतात आणि 'प्रॉब्लेम'ला 'सॉल्व्ह'. नामांच्या जोड्याही इथेच पाठ करून टाकाव्यात: 'सोल्युशन टू द प्रॉब्लेम', 'कॉज ऑफ द प्रॉब्लेम', 'रीझन फॉर द डिले'. 'सोल्युशन'पुढे 'टू' येते, कारण उपाय समस्येवरचा असतो, समस्येचा नव्हे.

'टॅकल'बाबत आणखी एक सूचना. समस्येशी दोन हात करणे, समस्येशी झुंजणे या मराठी रचनांमधला 'शी' इंग्रजीत नकळत 'विथ' होऊन उतरतो आणि 'टॅकल विथ द प्रॉब्लेम' असे वाक्य तयार होते. 'टॅकल' थेट कर्म घेते: 'शी टॅकल्ड द प्रॉब्लेम'. 'फेस'चेही तसेच: 'ही फेस्ड मेनी डिफिकल्टीज'. पण कर्मणी रचनेत 'विथ' परत येते, 'ही वॉज फेस्ड विथ मेनी डिफिकल्टीज', आणि घोटाळ्याचे मूळ बहुधा इथेच असते. 'स्ट्रगल', 'ग्रॅपल' आणि 'रेसल' या झुंजीच्या क्रियापदांना मात्र 'विथ' लागतेच. ती वापरली की वाचकाला झटापट अजून चालू असल्यासारखी वाटते. 'शी इज ग्रॅपलिंग विथ द डेटा' म्हणजे ती त्या माहितीशी झगडते आहे आणि अजून तिला ती पुरती वठणीवर आणता आलेली नाही.

निभावणे, हाताळणे, जमवणे

'कोप विथ', 'डील विथ' आणि 'हँडल' हे तिन्ही शब्दकोशात शेजारी शेजारी दिसतात, पण त्यांच्यातला माणूस वेगवेगळा आहे. 'कोप विथ' मधला माणूस भाराखाली आहे. दुःख, आजारपण, कामाचा रेटा, एकटेपणा यांच्याशी तो 'कोप' करतो, म्हणजे आपल्या भाषेत निभावून नेतो. अडचण तशीच असते, तो मोडून पडलेला नसतो, इतकेच. म्हणूनच 'ही कोप्ड विथ द फॉल्टी स्विच' हे वाक्य विचित्र वाटते, कारण बिघडलेले बटण निभावण्याची गोष्ट नाही, दुरुस्त करण्याची आहे. कर्माशिवायही हे क्रियापद चालते. 'हाऊ इज शी कोपिंग?' हा काळजीचा, जिव्हाळ्याचा प्रश्न आहे. आणि 'कोप अप विथ' अशी रचना प्रमाण इंग्रजीत नाही. आपल्याकडे ती फार ऐकू येते, पण औपचारिक लेखनातून ती काढून टाकावी.

'डील विथ' तटस्थ आहे. जे करायला हवे ते केले, एवढाच त्याचा सूर. त्याचा भूतकाळ 'डेल्ट' असा उच्चारतात. 'हँडल' मध्ये कौशल्याचे माप असते, म्हणून त्याच्यासोबत 'वेल', 'बॅडली', 'टॅक्टफुली' अशी क्रियाविशेषणे सहज येतात. 'शी हँडल्ड द कम्प्लेंट वेल' या वाक्यात तक्रारीचे काय झाले यापेक्षा तिने ती कशी शांतपणे आणि शहाणपणाने घेतली, हे सांगितलेले असते.

'मॅनेज टू' ची गोष्ट वेगळी. त्यात यश आहे, पण सहज मिळालेले नव्हे: 'दे मॅनेज्ड टू फिनिश ऑन टाइम', म्हणजे कसेबसे, पण वेळेत उरकले. इथे एक अडथळा हमखास येतो. भूतकाळात एखाद्या वेळी एखादी गोष्ट करता आली हे सांगताना आपण 'कुड' वापरतो, 'यस्टर्डे आय कुड रिपेअर द मशीन', आणि इंग्रजी वाचणाऱ्याला तो नेहमीच्या क्षमतेचा किंवा निव्वळ शक्यतेचा उल्लेख वाटतो. प्रत्यक्ष घडलेल्या एका यशासाठी 'मॅनेज्ड टू' किंवा 'वॉज एबल टू' लिहावे. नकारार्थी वाक्यात मात्र 'कुडंट' निर्धास्तपणे चालते.

टाळणाऱ्याचे वर्णन

अडचण टाळण्याच्या तऱ्हा मराठीत जितक्या आहेत तितक्याच इंग्रजीतही आहेत, आणि इथे चुकीचा शब्द पडला तर अन्याय होतो, कारण चालढकल करणारा आणि लपवाछपवी करणारा यांच्यात नैतिक अंतर असते.

निव्वळ चालढकल म्हणजे 'पुट ऑफ'. त्यापुढे क्रिया आली तर ती 'आयएनजी' रूपात येते: 'ही कीप्स पुटिंग ऑफ कॉलिंग देम'. भिडस्तपणाने किंवा धास्तीने पाय मागे घेणारा 'शाइज अवे फ्रॉम' करतो. त्यात दोषारोप कमी आणि संकोच जास्त आहे. मुद्द्याला शिताफीने बगल देणारा 'साइडस्टेप्स' करतो, आणि इथे वस्तू बहुधा 'द क्वेश्चन' किंवा 'द इश्यू' असते. अडचणीचा उल्लेख तर करायचा, पण ती गुळगुळीत करून, वरवर सांगून पुढे जायचे, त्याला 'ग्लॉस ओव्हर' म्हणतात. दिसत असून डोळेझाक करणे म्हणजे 'टर्न अ ब्लाइंड आय टू'. १८०१ मधल्या कोपनहेगनच्या लढाईत ब्रिटिश नौदलाचा सेनानी नेल्सन याने आपला अंध डोळा दुर्बिणीला लावून माघारीचा इशारा दिसत नसल्याचे सांगितले, अशी आख्यायिका या वाक्प्रचाराशी जोडली जाते. याच्याही पुढे जाऊन प्रकरण दडपायचे असेल तर 'स्वीप अंडर द कार्पेट'. अमेरिकेत 'कार्पेट'च्या जागी 'रग' म्हणतात.

'कव्हर अप' विशेष जपून वापरावा. मराठीत एखाद्याच्या चुकीवर आपण मायेनेही पांघरूण घालतो, परंतु 'कव्हर अप' मध्ये अपराध लपवल्याचा आरोप असतो. मायेने सांभाळून घेतले असे सांगायचे असेल तर 'शी कव्हर्ड फॉर हिम' म्हणावे. एका छोट्याशा अव्ययाने वाक्याचा रोख इतका बदलतो.

वरवरची मलमपट्टी करणे म्हणजे 'पेपर ओव्हर द क्रॅक्स'. नीट आखणी नसताना धडपडत, चुकतमाकत का होईना पार पडणे म्हणजे 'मडल थ्रू'. ही दोन्ही टाळाटाळीची टोके नाहीत. पहिल्यात टीका आहे, दुसऱ्यात थोडी सहानुभूतीही असू शकते.

छडा लावणाऱ्याचे वर्णन

चौकशीच्या पायरीवर दोन जोड्यांची गल्लत सर्वाधिक होते. पहिली 'फाइंड आउट' आणि 'फिगर आउट' यांची. माहिती कुठून तरी मिळाली, कोणी सांगितली, कागदात सापडली, तर ते 'फाइंड आउट'. डोके चालवून उलगडले तर 'फिगर आउट', ज्याच्या जागी ब्रिटिश इंग्रजीत 'वर्क आउट' अधिक ऐकू येते. गाडी किती वाजता सुटते हे आपण 'फाइंड आउट' करतो. वेळापत्रक विस्कटल्यावर आता कसे पोहोचायचे हे 'फिगर आउट' करतो.

दुसरी जोडी 'लुक इंटू' आणि 'गेट टू द बॉटम ऑफ' यांची. पहिल्यात तपास सुरू झाला एवढेच आहे. दुसऱ्यात माणूस मुळापर्यंत पोहोचला, किंवा पोहोचल्याशिवाय राहणार नाही असा त्याचा निर्धार आहे. या दोन टोकांच्या मधला प्रवास सांगायला इंग्रजीत फार सुरेख शब्द आहेत: शक्यता कमी करत आणणे म्हणजे 'नॅरो डाउन', एखादी शक्यता पुराव्याने बाद करणे म्हणजे 'रूल आउट', आणि नेमके कारण पकडीत आणणे म्हणजे 'पिन डाउन'. वैद्य, यंत्रदुरुस्ती करणारे आणि संगणकप्रणाली लिहिणारे हे तीन शब्द रोज वापरतात: 'दे रूल्ड आउट द पॉवर सप्लाय, नॅरोड इट डाउन टू टू केबल्स अँड फायनली पिन्ड डाउन द फॉल्ट'. एवढ्या एका वाक्यात तपास करणाऱ्याची शिस्त दिसते, जी 'दे सॉल्व्ह्ड इट' मध्ये कधीच दिसली नसती.

'इट' कुठे ठेवायचे?

अर्थ कळूनही वाक्य बिघडते ते बहुधा कर्माच्या जागेमुळे. काही जोड क्रियापदे विलग होतात: 'सॉर्ट आउट', 'वर्क आउट', 'फिगर आउट', 'पुट ऑफ', 'पिन डाउन', 'रूल आउट', 'थिंक थ्रू', 'टॉक ओव्हर'. यांत नाम मध्येही चालते आणि शेवटीही, 'सॉर्ट आउट द प्रॉब्लेम' किंवा 'सॉर्ट द प्रॉब्लेम आउट', पण सर्वनाम मात्र मध्येच बसले पाहिजे: 'सॉर्ट इट आउट'. 'सॉर्ट आउट इट' हे चूक आहे. नाम लांबलचक असेल तर ते शेवटी ठेवावे, नाहीतर वाचक 'आउट'ची वाट पाहत राहतो. दुसऱ्या गटातली क्रियापदे अभंग आहेत: 'डील विथ इट', 'लुक इंटू इट', 'रन इंटू इट', 'गेट ओव्हर इट'. तीन शब्दांची क्रियापदे, म्हणजे 'कम अप विथ', 'फेस अप टू', 'पुट अप विथ', 'फॉल बॅक ऑन', हीही फोडायची नसतात. कर्म सगळ्यांत शेवटी येते.

हा नियम केवळ शोभेचा नाही. 'सी इट थ्रू' म्हणजे हाती घेतलेले शेवटास नेणे, आपले 'तडीस नेणे'. 'सी थ्रू इट' म्हणजे त्यातली लबाडी ओळखणे. 'शी ब्रोक इट डाउन' म्हणजे तिने मोठ्या प्रश्नाचे छोटे भाग पाडले. 'शी ब्रोक डाउन' म्हणजे तिला रडू कोसळले. 'गेट इट ओव्हर विथ' म्हणजे नकोसे काम एकदाचे उरकून टाकणे; 'गेट ओव्हर इट' म्हणजे धक्क्यातून सावरणे. म्हणून ही क्रियापदे वहीत लिहून ठेवताना नुसती लिहू नयेत, 'इट'सकट लिहावीत. जागा आपोआप लक्षात राहते.

एक प्रसंग जवळून

या शब्दांची कसोटी पाहायला अपोलो १३ मोहिमेइतका चांगला प्रसंग क्वचितच मिळेल. १३ एप्रिल १९७० रोजी चंद्राकडे निघालेल्या या यानातली प्राणवायूची टाकी फुटली. जिम लव्हेल, जॅक स्विगर्ट आणि फ्रेड हेस हे तिघे मुख्य यान सोडून, चंद्रावर उतरण्यासाठी त्याला जोडलेल्या छोट्या चांद्रयानात आले, परंतु ते चांद्रयान दोन माणसांसाठी आणि सुमारे दोन दिवसांपुरते बनवलेले होते. श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड वाढू लागला. तो शोषून घेणारे डबे मुख्य यानात शिल्लक होते, पण ते चौकोनी होते आणि चांद्रयानातली खोबणी गोल होती. जमिनीवरच्या अभियंत्यांनी यानात जे होते तेवढ्यातूनच, म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, अंतराळपोशाखाच्या नळ्या आणि चिकटपट्टी यांतून जोडणी आखली आणि तिची कृती रेडिओवरून वाचून दाखवली. अंतराळवीरांनी ती तशीच बनवली. वायूचे प्रमाण उतरले आणि १७ एप्रिलला तिघेही प्रशांत महासागरात सुखरूप उतरले.

आता हे इंग्रजीत सांगताना 'दे सॉल्व्ह्ड द प्रॉब्लेम' म्हटले तर काय हरवते ते पाहावे. अडचण अनपेक्षितपणे समोर आली, म्हणून 'दे रॅन इंटू सीरियस ट्रबल'. हाताशी असलेल्या वस्तूंवर भागवावे लागले, म्हणून 'द इंजिनिअर्स हॅड टू मेक डू विथ व्हॉट वॉज ऑन बोर्ड'. त्यांनी युक्ती शोधून काढली, म्हणून 'दे केम अप विथ अ वे टू यूज द स्क्वेअर कॅनिस्टर्स'. अंतराळवीरांनी मिळेल त्या सामानातून ती जोडणी उभी केली, म्हणून 'द क्रू रिग्ड अप अ‍ॅन अ‍ॅडॅप्टर'. आणि मोठ्या संकटातून तिघे परतले, म्हणून 'दे मॅनेज्ड टू गेट होम'.

यातला बारकावा माझ्या दृष्टीने याहून मोलाचा आहे. कार्बन डायऑक्साइडचा प्रश्न त्यांनी खरोखर 'सॉल्व्ह' केला. फुटलेली टाकी मात्र दुरुस्त झाली नाही. तिच्यावाचून काम भागवले गेले, म्हणजे तिला त्यांनी 'वर्क अराउंड' केले. आणि चंद्रावर उतरण्याचा बेत सोडून द्यावा लागला, म्हणजे 'दे गेव्ह अप द लँडिंग'. एकाच मोहिमेत, त्याच माणसांनी, तीन अडचणींचे तीन प्रकारे काही केले, आणि तीन क्रियापदे ते जसेच्या तसे सांगतात. जाता जाता हेही नोंदवावेसे वाटते की यानातून आलेले मूळ शब्द 'वी हॅव हॅड अ प्रॉब्लेम' असे होते. पुढे लोकांच्या तोंडी 'वी हॅव अ प्रॉब्लेम' रुळले. काहीतरी आत्ताच घडले आहे आणि त्याचा परिणाम समोर आहे, असे कळवायला मूळ वाक्यातला काळ अगदी चपखल होता.

प्रसंगानुरूप सूर

बोलण्यात 'सॉर्ट आउट', 'लुक इंटू', 'कम अप विथ' ही क्रियापदे स्वाभाविक वाटतात. अहवालात किंवा अर्जात त्यांच्या जागी अनुक्रमे 'रिझॉल्व्ह', 'इन्व्हेस्टिगेट', 'डिव्हाइज' येऊ शकतात. पण सरसकट अदलाबदल करू नये. 'पुट ऑफ'च्या जागी 'पोस्टपोन' बैठकीसाठी किंवा निर्णयासाठी शोभते, समस्येसाठी नव्हे. 'गेट ओव्हर'चा औपचारिक भाऊ 'ओव्हरकम', ज्याचा भूतकाळ 'ओव्हरकेम', भीती आणि अडथळ्यांसाठी उत्तम आहे. बंद पडलेल्या यंत्राला कोणी 'ओव्हरकम' करत नाही.

कसे केले हे सांगणारी पदेही याच वेळी जोडावीत. थेट भिडणे म्हणजे 'टॅकल हेड-ऑन', चुकतमाकत शिकणे म्हणजे 'बाय ट्रायल अँड एरर', पहिल्यापासून नव्याने म्हणजे 'फ्रॉम स्क्रॅच'. चिकाटीसाठी 'कीप अ‍ॅट इट' आहे. सोडून देण्यासाठी 'गिव्ह अप' आहेच, पण 'गिव्ह अप ऑन' म्हटले की एखाद्या माणसावरची आशा सोडली असा अर्थ बहुधा निघतो, म्हणून ते 'ऑन' विचार करूनच लिहावे.

नोकरीच्या मुलाखतीत 'तुम्ही सोडवलेली एखादी अडचण सांगा' असे विचारतात तेव्हा सगळे उत्तर 'आय सॉल्व्ह्ड' मध्ये कोंबण्याऐवजी चार वाक्ये करावीत: अडचण कशी समोर आली ते 'वी रॅन इंटू' ने, कारण कसे सापडले ते 'आय पिन्ड डाउन' ने, उपाय कसा सुचला ते 'आय केम अप विथ' ने, आणि शेवट जसा झाला असेल तसा 'वी रिझॉल्व्ह्ड इट' किंवा 'वी वर्क्ड अराउंड इट' ने. पूर्ण सुटली नसेल तर 'वर्क्ड अराउंड' म्हणायला कचरू नये, कारण ऐकणारा लगेच 'म्हणजे नेमके काय केलेत?' असे विचारतो आणि त्याचे उत्तर तुमच्यापाशी तयार असते. सरावासाठी आपल्याच कामातला एखादा प्रसंग घेऊन तो तीन माणसांच्या बाजूने लिहावा: एक जो त्याला भिडला, एक जो टाळत राहिला, आणि एक ज्याने कसेबसे निभावले. लिहून झाल्यावर प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढावी, अव्यय तपासावे, नामाच्या जागी 'इट' घालून वाक्य मोठ्याने वाचावे, आणि तिन्ही परिच्छेदांत जिथे तेच क्रियापद दोनदा आले असेल तिथे पुन्हा मराठीत विचारावे की या माणसाने नेमके काय केले.